वजन तुमचं, पण पाळी कुणाची?

रात्री आठच्या आत जेवा. सात-आठ तास शांत झोपा. सकाळी लवकर उठून पाऊण तास चाला. तळलेलं आणि गोड बंद करा. वजन वाढलं म्हणून कुठल्याही दवाखान्यात गेलात तरी थोड्याफार फरकाने हेच ऐकायला मिळतं. यात खोटं काही नाही. पण हा सल्ला दहा ते सहा काम करून रात्री घरी झोपणाऱ्या माणसासाठी आहे. बदलापूरच्या खरवई एमआयडीसीत किंवा अंबरनाथच्या आनंदनगरमध्ये अकरा ते सात करणाऱ्याने यातलं काय पाळायचं? रात्री आठला तो कामावर निघायच्या तयारीत असतो. सकाळी सहाला तो मशीनसमोर उभा असतो. कसंबसं या वेळांशी जुळवून घेतलं, की पुढच्या आठवड्यात पाळी बदलते आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.

मग सल्ला पाळता आला नाही की ठपका त्याच्यावरच येतो. डॉक्टर म्हणतात, "पेशंट ऐकत नाही." घरचे म्हणतात, "तोंडावर ताबा नाही." सुपरवायझर म्हणतो, "पोट बघ केवढं सुटलंय, जरा जिमला जात जा." काही महिन्यांनी तो स्वतःही स्वतःला तेच म्हणायला लागतो, आणि ते सगळ्यात वाईट.

मला याच्याशी भांडायचं आहे. माझं म्हणणं असं आहे: फिरत्या पाळीत वजन वाढतं त्यात तुमच्या जिभेचा वाटा आहे, पण सगळा दोष तिचा नाही. मोठा वाटा झोपेचा आहे, जेवणाच्या वेळेचा आहे आणि पाळीच्या तक्त्याचा आहे. जे तुमच्या हातात आहे ते जरूर करा. ते कसं करायचं हे मी पुढे सविस्तर सांगतो. पण जे कंपनीच्या हातात आहे त्याचं ओझं आपल्या डोक्यावर घेऊन फिरू नका.

हा प्रश्न आपल्याकडे कुणाचा आहे?

आपला सगळा पट्टाच पाळ्यांवर चालतो. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरचे कारखाने आहेत, केमिकल आणि इंजिनीअरिंगची युनिटं आहेत. त्याशिवाय मुंबई-ठाण्यात काम करून इथे फक्त झोपायला येणारी माणसं आहेत: हॉस्पिटलच्या सिस्टर आणि वॉर्डबॉय, रेल्वेचे कर्मचारी, पोलीस, सिक्युरिटी गार्ड, ऐरोली-महापेच्या ऑफिसांत परदेशी वेळेवर काम करणारी मुलंमुली. बदलापूर ते सीएसएमटी हे अंतर सुमारे ६८ किलोमीटर आहे. घर इथे परवडतं म्हणून आपण इथे राहतो, आणि त्याची किंमत झोपेतून मोजतो.

हिशोब करून बघा. समजा तुम्ही कात्रपला राहता आणि ऐरोलीला रात्री दहा ते सकाळी सात अशी ड्युटी आहे. सव्वाआठला घर सोडायचं, ठाण्याला गाडी बदलायची. सकाळी परत दारात यायला पावणेनऊ. अंघोळ, चहा-नाश्ता करून झोपायला दहा. अकराला कुरिअरवाला बेल वाजवतो, बाराला शेजारी ड्रिल सुरू होतं, एक वाजता मुलं शाळेतून येतात. अडीच-तीनला तुम्ही उठून बसता. कागदावर पाच तास झोप झाली, प्रत्यक्षात चार. असे आठवड्यात सहा दिवस. अशा माणसाला "मन घट्ट करा" असं सांगणं सोपं आहे, पण त्याने उपयोग काहीच होत नाही.

शरीरात नेमकं काय बिघडतं?

आपल्या मेंदूत एक मुख्य घड्याळ आहे. ते डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावर चालतं. यकृत, स्वादुपिंड, आतडी, चरबीच्या पेशी यांचीही आपापली छोटी घड्याळं आहेत. ती बऱ्याच अंशी जेवणाच्या वेळेवर चालतात. हे घड्याळ पेशीच्या आत कसं चालतं हे शोधून काढणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चं नोबेल मिळालं. तुम्ही रात्री दोनला पाव-भाजी खाता तेव्हा मेंदूचं घड्याळ म्हणतं, "ही झोपेची वेळ आहे," आणि पोट म्हणतं, "माल आलाय." त्या वेळी स्वादुपिंड इन्सुलिन देतं, पण साखर दिवसासारखी पटापट वापरली जात नाही. ती रक्तात जास्त वेळ रेंगाळते.

हे अंदाजाने सांगत नाही. २००४ साली शिकागोच्या संशोधकांनी १२ निरोगी तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं. भरपूर झोपेच्या दिवसांशी तुलना केली तर पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी घटलं होतं, भूक लावणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढलं होतं, आणि त्या मुलांनी स्वतः सांगितलेली भूक २४ टक्क्यांनी जास्त होती. ओढ कशाची वाढली? गोड, खारट, पिठाच्या पदार्थांची. म्हणजे नाईट संपवून स्टेशनबाहेर आल्यावर तुमचा हात काकडीकडे न जाता वडापावकडे जातो, त्यामागे फक्त स्वभाव नाही. दोन रात्रींच्या जागरणाने धडधाकट पोरांचं असं होतं. तुम्ही तर वर्षानुवर्षं करताय.

२००९ मध्ये बोस्टनला दुसरा प्रयोग झाला. १० जणांना प्रयोगशाळेत ठेवून त्यांचं झोपणं-जेवणं हळूहळू शरीराच्या घड्याळाच्या बरोबर उलटं केलं. जेवण मोजून दिलेलं, चोरून खायची सोय नाही. तरीही वेळ उलटल्यावर लेप्टिन १७ टक्क्यांनी कमी झालं, आणि इन्सुलिन २२ टक्क्यांनी जास्त पाझरूनसुद्धा रक्तातली साखर ६ टक्क्यांनी वाढली. ज्या आठ जणांची पूर्ण मोजमापं मिळाली, त्यांपैकी तिघांची जेवणानंतरची साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर गेली. ही सगळी निरोगी माणसं होती.

२०१४ मध्ये कोलोरॅडोत असंच बघितलं गेलं. रात्रपाळीसारखं जागवल्यावर शरीर दिवसाला ५० ते ६० कॅलरी कमी जाळतं असं दिसलं. हा आकडा मी मुद्दाम सांगतोय, कारण मला अतिशयोक्ती करायची नाही. ५०-६० कॅलरी म्हणजे एक पावसुद्धा नाही. "नाईटमुळे माझं मेटाबॉलिझम बंदच पडलं" असं जे म्हटलं जातं ते खरं नाही. वजन वाढतं ते मुख्यतः वाढलेल्या भुकेमुळे, चुकलेल्या वेळेमुळे आणि थकल्यामुळे थांबलेल्या हालचालीमुळे. तरी थोडं थोडं साठत जातं. दहा वर्षांत पँटचा नंबर तीनदा बदलतो.

२०१८ मध्ये २८ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. रात्रपाळी करणाऱ्यांत वजन जास्त असण्याची शक्यता सुमारे २३ टक्क्यांनी जास्त दिसली, आणि पोटाभोवती चरबी साठण्याची ३५ टक्क्यांनी. आपल्या लोकांना हे जास्त महाग पडतं, कारण भारतीयांची चरबी मुळातच पोटावर साठते. म्हणून आपल्यासाठी बीएमआयची मर्यादा २५ ऐवजी २३ धरतात, आणि कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंमी व स्त्रियांत ८० सेंमीच्या आत असावा असं सांगतात. हातपाय काटकुळे आणि पोट पुढे, अशी आपल्याकडची ठेवण ओळखीची आहे. त्या पोटाला "सुखवस्तू" म्हणू नका.

पुढे काय होतं तेही ऐका. २०११ मध्ये अमेरिकेतल्या सुमारे १ लाख ७७ हजार नर्सेसवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. फिरत्या रात्रपाळ्या ३ ते ९ वर्षं केलेल्यांत मधुमेहाचा धोका २० टक्क्यांनी, १० ते १९ वर्षं केलेल्यांत ४० टक्क्यांनी आणि २० वर्षांहून जास्त केलेल्यांत ५८ टक्क्यांनी जास्त होता. यातला बराचसा धोका वाढलेल्या वजनातून येत होता. म्हणजे वजन आवरलं तर या धोक्याचा मोठा भाग आवरता येतो. तुम्हाला दोष देऊ नका म्हणणारा मीच वजनाकडे लक्ष द्या असं बजावतो, ते याच कारणासाठी.

चार गोष्टी ज्या तुम्हाला ऐकवल्या जातात

"सवय होते." होत नाही. आढाव्यातली आणखी एक गोष्ट अशी की कायम रात्रपाळी करणाऱ्यांत वजन वाढण्याचं प्रमाण फिरत्या पाळीवाल्यांपेक्षाही जास्त दिसलं. माणसाला जागायची सवय होते, पण यकृताला होत नाही. सुट्टीच्या दिवशी आपण पुन्हा घरच्यांबरोबर दिवसा जागतो, आणि सकाळी घरी येताना डोळ्यांत ऊन जातंच. त्यामुळे घड्याळ पूर्ण उलटत नाही.

"शेजारचा पण नाईट करतो, तो बघ कसा सडपातळ." असेल. काहींची झोप गाढ असते, काहींचं काम अंगमेहनतीचं असतं, काहींच्या घरी दिवसा शांतता असते. बिडी ओढूनही एखादा नव्वदी गाठतो, म्हणून आपण बिडी चांगली म्हणत नाही.

"दीक्षित करा," "नाही, दिवेकर करा." गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातल्या प्रत्येक व्हॉट्सअॅप ग्रुपवर हे भांडण झालं. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात दिवसातून दोनदाच जेवा, तेही ५५ मिनिटांच्या आत. ऋजुता दिवेकर सांगतात थोडं थोडं, ठरावीक अंतराने, घरचं खा. दोन्हीकडे फायदा झालेली माणसं आहेत. पण रात्री झोपणाऱ्या माणसांच्या या वादात नाईटवाल्याने उडी घेतली तर त्याचं काय होतं? दोनदाच जेवायचं म्हणून तो पहाटे तीनचं जेवण "एक" धरतो. ते शरीरासाठी सगळ्यात वाईट वेळेचं जेवण आहे. किंवा दर दोन तासांनी खायचं म्हणून रात्रभर डबा उघडत राहतो. पद्धत कुठलीही घ्या, पण आधी जेवण घड्याळात कुठे बसतं ते बघा. किती वेळा खायचं हा नंतरचा प्रश्न.

"कंपनीने वजन कमी करायची स्पर्धा ठेवली आहे." हे मला सगळ्यात जास्त खटकतं. भिंतीवर योगासनांचं पोस्टर, तीन महिन्यांत सर्वात जास्त वजन घटवणाऱ्याला मिक्सर किंवा घड्याळ बक्षीस, आणि त्याच महिन्यात रिलीव्हर आला नाही म्हणून त्याच माणसाला चार डबल. रात्री कॅन्टीनमध्ये काय? भजी, बिस्किटं आणि साखरेने घट्ट झालेला चहा. स्पर्धेत जिंकलेला माणूस उपाशी राहून जिंकतो आणि दिवाळीपर्यंत होता तिथे येतो. ज्याने आजार वाढवणारी पाळी लावली त्यानेच बक्षीस वाटायचं, आणि हरलेल्याने मान खाली घालायची, हा कुठला न्याय?

मग तुम्ही काय करायचं?

सगळ्यात आधी ध्येय बदला. फिरत्या पाळीत असताना महिन्याला चार किलो कमी करण्याच्या मागे लागू नका. वजन आहे तिथे थांबवणं हेच मोठं यश समजा. थांबलं की मग हळूहळू उतरवता येतं.

पहिला नियम: मध्यरात्री १२ ते पहाटे ५ या वेळात पूर्ण जेवण नाही. २०२१ मध्ये बोस्टनला १९ जणांना रात्रपाळीसारखं जागवून बघितलं. रात्री जेवणाऱ्यांची साखर ६.४ टक्क्यांनी वाढली. ज्यांनी रात्र जागूनही जेवण दिवसाच केलं, त्यांची वाढली नाही. प्रयोग लहान आहे, पण सांगतो ते करण्याजोगं आहे. भूक सहन होत नसेल तर मूठभर भाजलेले चणे किंवा शेंगदाणे, एक उकडलेलं अंडं, ताक, एखादं फळ एवढंच. उपाशी राहून चक्कर आणू नका, विशेषतः मशीनवर किंवा उंचावर काम असेल तर.

रात्रपाळीच्या आठवड्यात मुख्य जेवण घरून निघण्याआधी करा: भाकरी किंवा पोळी, उसळ किंवा डाळ, भाजी, कोशिंबीर, थोडा भात. बरेच जण दुपारी उठून काहीतरी तोंडात टाकतात आणि खरं जेवण डब्यात नेऊन रात्री एकला खातात. तो डबा चार-पाच तास आधी खा, एवढाच बदल आहे. सकाळी घरी आल्यावर पोहे, उपमा, नाचणीची आंबील असं हलकं खाऊन झोपा. रिकाम्या पोटी झोप मोडते, आणि तडस लागेपर्यंत जेवलं तरी मोडते.

दुसऱ्या पाळीत, म्हणजे तीन ते अकरामध्ये, फसगत घरी आल्यावर होते. रात्री साडेबाराला ताट वाढलेलं असतं, बायको किंवा आई जागी असते, नाही म्हणवत नाही. दुपारी दीडला निघताना पोटभर जेवा, संध्याकाळी सात-आठच्या सुट्टीत डबा खा, आणि घरी आल्यावर कपभर दूध किंवा वाटीभर वरण. घरच्यांना एकदा नीट समजावून सांगा, त्यांना वाईट वाटणार नाही.

पहिल्या पाळीत पहाटे पाचला उठायचं असतं, आणि रात्री मालिका, मोबाईल यांत साडेअकरा होतात. या पाळीत वजनाचा शत्रू ताटात नसतो, तो हातातल्या फोनमध्ये असतो. रात्री साडेनऊला झोपा. सकाळी आठच्या नाश्त्याला खारी-बिस्किटाऐवजी घरची पोळी-भाजी न्या.

दुसरा नियम: झोपेची राखण करा. खोलीत जाड पडदा किंवा काळा कागद लावा. डोळ्यांवर पट्टी, कानात बोळे घाला. फोन बाहेरच्या खोलीत ठेवा, बेल बंद करा. दारावर "नाईट ड्युटी, झोप चालू" अशी पाटी लावायला लाजू नका. सलग सात तास जमत नसतील तर सकाळी पाच तास आणि ड्युटीला निघण्याआधी दीड तास अशी दोन तुकड्यांत झोप घ्या. चहा-कॉफी झोपायच्या वेळेआधी सहा तास बंद. अकरा ते सात असेल तर पहाटे तीननंतर नको. दिवसाच्या चहातली साखरही मोजा. दोन चमचे म्हणजे सुमारे ४० कॅलरी. सहा चहा म्हणजे जवळजवळ एक वडापाव गेला.

तिसरा नियम: चालायचं ते सकाळीच हा हट्ट सोडा. नाईट करून आल्यावर झोप मोडून चालायला जाऊ नका. उठल्यावर, संध्याकाळी पाचला अर्धा तास चाला. आठवड्यातून दोनदा घरीच बैठका, जोर, पायऱ्या करा. स्नायू टिकले तर साखर त्यांत जाते.

वजन रोज करू नका. आठवड्यातून एकदा, त्याच वारी, झोपून उठल्यावर करा, आणि महिन्यातून एकदा बेंबीच्या पातळीवर टेपने कमर मोजा. पाळी बदलली की पाणी, मीठ आणि पोट साफ होण्याची वेळ यामुळे किलोभर वजन इकडेतिकडे होतं. त्याने घाबरू नका.

काहींनी आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाची वेळ बदलू नये. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेत असाल तर पाळीनुसार औषधाची वेळही बदलावी लागते, नाहीतर पहाटे साखर अचानक खाली जाऊ शकते. गरोदर असाल, फिट्स येत असतील, पोटात अल्सर असेल तरीही विचारा. मोठ्याने घोरत असाल, झोपेत श्वास अडकत असेल किंवा पुरेशी झोप घेऊनही बसल्या जागी डुलकी लागत असेल तर स्लीप अॅप्नियाची तपासणी करून घ्या. अशा माणसाने नाईटनंतर बाईक चालवणं जिवावर बेतू शकतं.

घरातल्या बाईच्या पाळीबद्दल

नाईट करून पुरुष घरी आला की घर दबक्या आवाजात बोलतं, "बाबा झोपलेत." नाईट करून सिस्टर किंवा कंपनीतली बाई घरी आली की सिंकमधली भांडी तिची वाट बघत असतात. मुलांचे डबे, सासूबाईंचा नाश्ता, पाणी भरणं, आणि मग जमलं तर अकरा ते दोन झोप. वर तिलाच सांगायचं की "तू स्वतःकडे लक्ष देत नाहीस." घरातल्या इतरांना माझं सांगणं आहे: ती नाईटवर असेल त्या आठवड्यात सकाळचा स्वयंपाक तुमचा. तिच्यासाठी डाएट चार्ट आणण्याआधी हे करा. तिच्या वजनासाठी याहून चांगलं औषध माझ्याकडे नाही.

आता कंपनीकडे बोट दाखवू या

पाळी कुठल्या क्रमाने फिरते याला महत्त्व आहे. माणसाचं आतलं घड्याळ २४ तासांपेक्षा किंचित लांब असतं. त्यामुळे झोप पुढे ढकलणं सोपं आणि अलीकडे ओढणं अवघड जातं. सकाळ, मग दुपार, मग रात्र हा क्रम सोसतो. रात्र, मग दुपार, मग सकाळ हा उलटा क्रम शरीराला पिळतो. १९८२ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या एका खनिज-रसायन कारखान्यातला अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे पाळी दर आठवड्याला उलटी फिरत होती. ती सुलटी केली आणि तीन आठवड्यांनी बदलायची ठरवली. कामगारांचं समाधान आणि तब्येतीचं मोजमाप सुधारलं, नोकरी सोडून जाणं कमी झालं आणि उत्पादन वाढलं. यासाठी नवं मशीन लागलं नाही. तक्ता बदलला, एवढंच.

आपल्याकडे होत नाही असंही नाही. २०१६ मध्ये मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात बारा तासांऐवजी आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग झाला आणि नंतर तो इतर पोलीस ठाण्यांत नेला गेला. जिथे मनुष्यबळ नेहमीच अपुरं, अशा पोलीस खात्यात तक्ता बदलता येतो, तर पंपावर आणि रिअॅक्टरवर का नाही?

पण वारं उलटं वाहतंय. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यात दिवसाला ९ ऐवजी १२ तासांपर्यंत काम घेण्याची मुभा देणाऱ्या बदलाला मंजुरी दिली. आठवड्याचे तास मर्यादित आहेत, जादा कामाला दुप्पट पगार आहे, कामगाराची संमती लागेल, हे सगळं सांगितलं जातं. ज्याची नोकरी ठेकेदाराच्या एका फोनवर जाते त्याची संमती किती खरी, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. मी डॉक्टर म्हणून एवढंच विचारतो: १२ तास काम, तीन तास प्रवास, तर उरलेल्या नऊ तासांत अंघोळ, जेवण, संसार आणि झोप कशी बसवायची? यातलं काय कापलं जाणार हे उघड आहे.

म्हणून मागायच्या गोष्टी स्पष्ट ठेवा. पाळी सुलट्या क्रमाने फिरवा. रात्री अकराला सोडून सकाळी सातला बोलावू नका. दोन पाळ्यांमध्ये किमान ११ तास द्या. महिन्याचा तक्ता आधी लावा, म्हणजे झोप आणि जेवण आखता येईल. रात्रीच्या कॅन्टीनमध्ये भज्यांबरोबर अंडी, उसळ, ताक आणि फळं ठेवा, आणि चहाची साखर वेगळी द्या.

कॅन्टीन ही मेहेरबानी नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यात २५० हून अधिक कामगारांच्या कारखान्याला कॅन्टीनची तरतूद होती, आणि तिच्या व्यवस्थापन समितीत कामगारांचे प्रतिनिधी असावेत अशी सोयही होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत ही मर्यादा १०० कामगारांवर आली आहे. चाळिशी ओलांडलेल्यांची वर्षातून एकदा मोफत तपासणीही त्यात आहे. ती झाली का विचारा, आणि कमरेचा घेर व साखर त्यात मोजायला लावा. युनियन असेल तर पगारवाढीच्या यादीत या मागण्या घाला. युनियन नसेल तर दहा जणांनी सही करून एक अर्ज द्या. एकट्याने मागितलं तर तो कामचुकार ठरतो, दहा जणांनी मागितलं तर तो प्रश्न ठरतो.

माझ्या डॉक्टर मित्रांनाही एक विनंती. वजन, बीपी, साखर विचारतो तसं "कुठली पाळी? कधी बदलते? शेवटचं जेवण किती वाजता?" हेही विचारू या. केसपेपरवर दोन ओळी जास्त लागतील.

आणि तुम्ही, पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना रिपोर्टच्या पिशवीत पाळीचा महिन्याचा तक्ताही टाका. डॉक्टरांनी "रात्री आठच्या आत जेवा" असं म्हटलं की तो समोर ठेवा आणि विचारा, "यातल्या कुठल्या आठवड्यात?" तुमच्या तक्त्यात बसेल असाच सल्ला मागा, आणि तो मिळेपर्यंत खुर्चीवरून उठू नका.